परवान्याचा धनी : ‘आडुजीवितम्’ या कादंबरीचें परीक्षण

नोकर आणि दास यांच्यांत भेद कोणता, असा प्रश्न विचारला असतां बहुतेक माणसें वेतनाकडे बोट दाखवितील. एकाला पगार मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाहीं, एवढ्यावर तीं हा भेद उभा करतील. परंतु किंचित् विचार केल्यास हें उत्तर अपुरें आहे असें दिसून येईल. जुन्या काळच्या दासांनाहि अन्नवस्त्र मिळे आणि प्रसंगीं चार पैसेहि मिळत. उलट महिनोन् महिने पगार थकलेले नोकर आजहि आढळतात, पण त्यांना कोणी दास म्हणत नाहीं. खरा भेद दाराशीं आहे. ज्याला दार उघडून बाहेर पडतां येतें आणि शेजारच्या घरीं काम मागतां येतें, तो नोकर. ज्याच्या दाराची किल्ली धन्याच्या कमरेला असते, त्याला पगार कितीहि मिळो, त्याची गणना निराळी करावी लागते. परदेशीं कामाच्या परवान्यावर गेलेल्या मनुष्याच्या बाबतींत ही किल्ली कागदाची असते, आणि तो कागद कोणाच्या नांवानें निघाला आहे यावर त्याचें सारें जिणें अवलंबून राहतें. मल्याळी लेखक बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम्’ या कादंबरीचा खरा विषय हाच आहे, असें आमचें मत आहे. बहुसंख्य वाचकांनीं तो निराळाच समजला असल्यामुळें हें परीक्षण लिहिण्याचें योजिलें आहे.

‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘जीवितम्’ म्हणजे जिणें. ही कादंबरी २००८ सालीं केरळांत प्रसिद्ध झाली. तिला केरळ साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आणि जोसेफ कोय्यिप्पळ्ळी यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०१२ मध्यें निघाल्यावर मल्याळम् न जाणणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांपर्यंत ती पोंचली. लेखक स्वतः १९९२ पासून सुमारें वीस वर्षें बहारिनमध्यें नोकरीस होते. एका मजुरानें त्यांना सांगितलेली आपबीती हा या कादंबरीचा पाया होय. तिला आकार देतांना लेखकानें तिचे चार भाग पाडले आहेत : तुरुंग, वाळवंट, पलायन आणि आश्रय. कथा घडते ती साऊदी अरेबियांत, १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत.

कथानक थोडक्यांत असें आहे. नजीब हा नदीच्या पात्रांतून वाळू उपसणारा मजूर. घरीं आई आणि गरोदर बायको सैनू. ओळखीच्या माणसाकडून एक व्हिसा विकत मिळण्याजोगा आहे असें कळतें, पैशांची कशीबशी जुळवाजुळव होते, आणि मुंबईच्या वाटेनें तो रियाधला उतरतो. सोबतीला हकीम नांवाचा, त्याच्याहून वयानें लहान असा एक मुलगा. विमानतळावर त्यांना न्यावयास कोणीच येत नाहीं. बराच वेळ असा गेल्यावर मळकट कपड्यांचा एक अरब जुनाट गाडी घेऊन येतो, दोघांचे पासपोर्ट हातांत घेऊन पाहतो, आणि त्यांना गाडींत चढवून वाळवंटांत नेतो. त्या रात्रीपासून नजीब शेळ्यामेंढ्या राखणारा होतो. निजावयास छप्पर नाहीं, अंग धुवावयास पाणी नाहीं, खावयास कोरडा खुबूस, आणि डोक्यावर दुर्बीण व बंदूक बाळगणारा अरबाब, म्हणजे धनी. तीन वर्षांहून अधिक काळ हें चालतें. मग हकीम आणि इब्राहिम खादिरी नांवाचा एक सोमाली यांच्यासह तो पळून जातो. हकीम वाटेंतच वाळूंत प्राण सोडतो, खादिरी नाहींसा होतो, आणि नजीब रियाधला पोंचून कुंजिक्का नांवाच्या एका उदार मल्याळी गृहस्थाच्या आश्रयास येतो. मायदेशीं परतण्याचा आतां एकच मार्ग उरलेला असतो. तो म्हणजे पोलिसांच्या हातीं सांपडून हद्दपार होणें.

कादंबरीचा आरंभ याच ठिकाणीं केलेला आहे. रियाधच्या बथा भागांतील पोलीस चौकीसमोर नजीब आणि हमीद हे दोघे पकडलें जाण्याच्या आशेनें घुटमळत आहेत, आणि कोणी त्यांना पकडीत नाहीं. इतर कादंबऱ्यांतील माणसें तुरुंगांतून सुटण्याची धडपड करतात; येथें तुरुंगांत शिरण्याची धडपड चालली आहे. हा आरंभ केवळ चमत्कृतीसाठीं योजलेला नाहीं. ज्याच्याजवळ परवाना नाहीं त्याला रस्त्यावरहि राहतां येत नाहीं आणि घरींहि जातां येत नाहीं. त्याला कायदेशीर अशी एकच जागा उरते, आणि ती कोठडी असते. ही स्थिति लेखकानें एकहि व्याख्यान न देतां पहिल्या कांहीं पानांत उभी केली आहे.

कथेचा मर्मभाग नीट कळण्यास तेथील व्यवस्थेची थोडी माहिती असणें अवश्य आहे. आखाती देशांत परदेशी कामगाराचा प्रवेश एका स्थानिक जामीनदाराच्या नांवानें होत आला आहे. या जामीनदारास ‘कफील’ म्हणतात, आणि या पद्धतीस ‘कफाला’. कामगाराचा वास्तव्याचा परवाना, म्हणजे इकामा, कफीलाच्या नांवाशीं बांधलेला असतो. नजीबच्या काळीं साऊदी अरेबियांत कफीलाच्या संमतीवांचून कामगाराला दुसरी नोकरी धरतां येत नसे. देश सोडून घरीं जावयाचें तरी त्याचीच अनुमति लागे. जो न विचारतां निघून जाई, त्याच्याविरुद्ध पळून गेल्याची वर्दी धनी देऊं शके. आणि वर्दी दिली कीं तो मनुष्य कामगार न राहतां फरारी ठरे. या व्यवस्थेच्या पोटांतून व्हिशाचा बाजारहि जन्मास आला. कफील परवाना विकतो, दलाल तो गांवोगांव फिरवितो, आणि विकत घेणाऱ्याला आपला धनी कोण हें विमान उतरेपर्यंत ठाऊक नसतें. नजीबहि असाच एका न पाहिलेल्या माणसाचा नोकर होऊन निघालेला आहे.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं, ज्याच्यावर आमच्या मतें साऱ्या कादंबरीचा तोल सांभाळलेला आहे. तुरुंगांत ठराविक दिवशीं धनी लोक आपापले पळालेले नोकर ओळखण्यासाठीं येतात. कैद्यांना रांगेंत उभें करतात. हमीदचा धनी येतो, त्याला ओळखतो, आणि रडत असलेल्या हमीदला ओढीत घेऊन जातो. पुढें एके दिवशीं नजीबचा अरबाबहि येतो. ज्या माणसानें त्याला तीन वर्षें गुरासारखें राबविलें तो रांगेंतून चालत त्याच्यासमोर येतो, आणि त्याला तसाच ठेवून पुढें निघून जातो. मागाहून नजीबच्या कानीं येतें तें कारण असें : हा माझ्या व्हिशावरचा नव्हे, असता तर ओढीत नेला असता.

या प्रसंगाचा अर्थ कितीतरी खोल आहे. नजीबला पळवून नेणाऱ्या अरबाबानें माणुसकीचा एकहि नियम पाळलेला नाहीं. त्याला दया नाहीं, लाज नाहीं, देवाचें भय नाहीं. परंतु कागदाची मर्यादा तोहि मोडूं शकत नाहीं. परवाना दुसऱ्याच्या नांवाचा आहे, एवढ्यानें त्याचा हात आखडतो. उलट हमीद हा आपल्या खऱ्या कफीलाकडे कामास होता, त्याचीं कागदपत्रें व्यवस्थेप्रमाणें होतीं, आणि म्हणूनच त्याला परत ओढून नेतां आलें. ज्याची चोरी झाली तो सुटला. जो कायद्यानें दिलेला होता तो अडकला. नजीबच्या सुटकेचें श्रेय न्यायाला नाहीं, करुणेला नाहीं, त्याच्या धैर्यालाहि नाहीं. तें एका लेखनिक स्वरूपाच्या विसंगतीला आहे. गुन्हा ज्या फटींतून आंत शिरला त्याच फटींतून स्वातंत्र्य बाहेर पडलें. यापेक्षां कडवट व्याजोक्ति आधुनिक भारतीय कादंबरींत आम्हीं क्वचितच वाचली आहे. आणि तिचा विशेष असा कीं, ती लेखकाच्या वाक्चातुर्यांतून निघालेली नसून वस्तुस्थितींतूनच निघालेली आहे.

या दृष्टीनें पाहिल्यास नजीबला दोन धनी आहेत. एकाजवळ त्याचा देह आहे, पण कागद नाहीं. दुसऱ्याजवळ कागद आहे, पण देह नाहीं. हा दुसरा, म्हणजे त्याचा खरा कफील, रियाधमध्यें कोठेंतरी असलाच पाहिजे. त्याच्याच नांवावर नजीब त्या देशांत उतरला. त्या दिवशीं तो विमानतळावर कां आला नाहीं, आपला मजूर कोठें गेला याची त्यानें चौकशी केली कीं नाहीं, पळून गेल्याची वर्दी देऊन तो मोकळा झाला काय, यांतील कशाचाहि मागमूस कादंबरींत लागत नाहीं. हे प्रश्न आमच्या मनांत पुस्तक मिटल्यावर उठले, आणि त्यांतच या कृतीचें सामर्थ्य व तिची उणीव हीं दोन्ही आहेत असें आम्हांस वाटतें.

सामर्थ्याविषयीं प्रथम लिहूं. निवेदन नजीबच्या तोंडीं आहे, आणि तें अलंकारांपासून कटाक्षानें दूर ठेवलेलें आहे. वाळू उपसणारा मजूर बोलेल तसा तो बोलतो. वाळवंटांतील पहिल्या सकाळीं शौचानंतर पाणी वापरूं लागतांच अरबाबाचा मार बसतो. जन्मभर नदींत उभा राहिलेल्या मनुष्याला पाणी शेळ्यांसाठीं आहे, तुझ्यासाठीं नाहीं, हें असें शिकविलें जातें. या एका प्रसंगानें जें साधतें तें दहा पानांच्या वर्णनानें साधलें नसतें. घरून आणलेल्या लोणच्याच्या फोडीशीं कोरडा खुबूस खातांना गांव आठवणें, सैनूला मनांतल्या मनांत खोटीं सुखाचीं पत्रें लिहिणें, शेळ्यांना ओळखीच्या माणसांचीं नांवें देणें, हे प्रसंग कोणत्याहि हुकमी करुणरसाशिवाय मनाला भिडतात. जन्मलेल्या एका कोंकराला तो आपल्या होणाऱ्या मुलासाठीं योजलेलें नबील हें नांव देतो, आणि पुढें त्याच कोंकराला अरबाब खच्ची करतो. त्या ठिकाणीं पुस्तक खालीं ठेवावेंसें वाटतें. माणूस जनावर होत जाणें हा विषय अनेकांनीं हाताळला आहे; परंतु जनावरांत राहून माणूसपण कसें टिकतें, हें बेन्यामिन यांनीं अधिक बारकाईनें पाहिलें आहे.

लेखकाच्या न्यायबुद्धीचीहि नोंद केली पाहिजे. वाळवंटांतून रस्त्याला लागलेल्या अर्धमेल्या नजीबला आपल्या उंची मोटारींत घेऊन शहरांत पोंचविणारा मनुष्य अरबच आहे. एका धन्याच्या क्रौर्यावरून एका साऱ्या समाजाला दोषी ठरविण्याचा मोह येथें टाळलेला आहे, आणि तो टाळणें सोपें नव्हतें.

आतां उणिवेविषयीं. नजीब भाविक आहे. जें घडलें तें परमेश्वराच्या इच्छेनें घडलें, आणि ज्यानें परीक्षा घेतली त्यानेंच तारलें, असा अर्थ तो आपल्या साऱ्या हालांना देतो. मनुष्य म्हणून त्याला हा विश्वास शोभतो; तो नसता तर तो जगलाहि नसता. पण निवेदकाच्या या श्रद्धेचा रंग कादंबरीच्या रचनेवरहि चढला आहे. अरबाब जवळजवळ निर्विकार असा राक्षस होऊन राहतो. वाळवंट हें परीक्षेचें स्थान होतें. पलायन ही यात्रा होते. परिणाम असा कीं, वाचक पुस्तक मिटतांना “काय हा दुष्ट मनुष्य!” आणि “काय हें दैव!” असे दोन उद्गार काढतो, आणि तिसरा उद्गार काढावयाचा राहूनच जातो. ज्या नियमामुळें हमीदला ओढीत नेतां येतें, तो नियम कोणी केला, कोणाच्या सोयीसाठीं केला, हें विचारण्याचें बळ कथेंतील कोणाहि पात्राला दिलेलें नाहीं. हमीदला नेल्यावर कथा त्याच्यामागें जात नाहीं. वस्तुतः तोच या व्यवस्थेचा सरळ बळी. नजीब हा तिचा अपवाद होय.

यावर कोणी असें म्हणेल कीं, कादंबरी म्हणजे कामगार आयोगाचा अहवाल नव्हे. अशिक्षित मजुराच्या तोंडीं कायद्याची मीमांसा घालणें हा कलेचा घातच झाला असता. हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतों. नजीबनें भाषण करावें अशी आमची अपेक्षा नाहीं. परंतु कुंजिक्काच्या घरीं आश्रयाला आलेलीं इतर माणसें होतीं, तुरुंगांत नाना देशांचे कैदी होते, हमीदची स्वतःची हकीकत होती. त्यांच्या साध्या बोलण्यांतून ही व्यवस्था एका दुष्टाच्या पलीकडे कशी पसरली आहे, हें दाखवितां आलें असतें. एक धनी क्रूर निघाला ही आपत्ति आहे. धनी क्रूर निघाल्यास दुसरा धरतां येऊं नये हा कायदा आहे. कादंबरीनें पहिली गोष्ट विलक्षण प्रत्ययकारी केली. दुसरी तिनें एका प्रसंगांत विजेसारखी दाखविली आणि लगेच अंधार होऊं दिला.

वेठीच्या वाङ्मयाचें हें दुखणें जुनें आहे. १८३४ पासून मॉरिशसला, आणि पुढें फिजी, त्रिनिदाद, नाताळ अशा वसाहतींत करारबद्ध मजूर नेण्यांत आले. मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्यांत आपलीं मराठी कुटुंबेंहि होतीं, आणि त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी म्हणून नांदत आहेत. त्या गिरमिटियांच्या हकीकतींतून चाबकाची आठवण जितकी राहिली तितकी कराराची राहिली नाहीं. वस्तुतः चाबकाला धार येत होती ती करारानें. नेमलेला मळा मुदतीपूर्वीं सोडणें हा तेथें केवळ वचनभंग नव्हता, तुरुंगास पात्र असा गुन्हा होता. १८६७ च्या मॉरिशसमधील कायद्यानें तर करार पुरा केलेल्या जुन्या मजुरालाहि आपलें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणें भाग पाडलें. आपल्या देशांतहि १८५९ च्या कायद्यानें, आगाऊ पैसे घेतलेल्या कारागिरानें अगर मजुरानें काम सोडल्यास त्याला फौजदारी शिक्षा देण्याची सोय मालकांना मिळाली होती, आणि हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. गिरमिटाची भरती १९१७ मध्यें थांबली आणि १९२० मध्यें ती पद्धत संपली. त्यानंतर काम सोडण्याचा हक्क हा कामगाराचा पहिला हक्क म्हणून आपण मानूं लागलों, आणि तो आतां कायमचा मिळाला अशी आपली समजूत झाली. नजीबची कथा ती समजूत मोडते. मळ्याच्या जागीं वाळवंट आलें, गिरमिटाच्या जागीं इकामा आला. परंतु धन्याला सोडणारा मजूर गुन्हेगार ठरतो, हें सूत्र तेंच राहिलें.

या कादंबरीवर ब्लेस्सी यांनीं केलेला चित्रपट मार्च २०२४ मध्यें प्रदर्शित झाला. नजीबची भूमिका करणाऱ्या पृथ्वीराज यांनीं स्वतःचें शरीर झिजवून जो अभिनय केला त्याबद्दल त्यांची झालेली वाखाणणी यथार्थ आहे. जॉर्डन आणि अल्जीरिया येथील वाळवंटांत घेतलेलीं दृश्यें भव्य आहेत. परंतु ही भव्यताच चित्रपटाच्या आड आली आहे असें आम्हांस वाटतें. चित्रपटाला वाळू दाखवितां येते, परवाना दाखविणें त्याला जड जातें. प्रेक्षकाच्या मनावर निसर्गाशीं झुंजणाऱ्या एका मनुष्याचें चित्र ठसतें आणि तो थक्क होऊन घरीं जातो. वाळवंट क्रूर असण्यांत कोणाचा अपराध नसतो. अपराध असतो तो माणसाला वाळवंटांत डांबतां येईल अशा व्यवस्थेचा. पडद्यावर ही व्यवस्था कादंबरीपेक्षांहि अधिक धूसर झाली आहे.

ही चर्चा केवळ वाङ्मयीन नाहीं. कादंबरी निघाल्यानंतर आखातांतील कायदे बदलूं लागले. ज्या बहारिनमध्यें लेखक राहत होते तेथें २००९ मध्यें धन्याच्या संमतीवांचून नोकरी बदलण्याची वाट प्रथम उघडली, आणि पुढें २०११ मध्यें तिच्यावर एक वर्षाच्या सेवेची अट बसली. कतारनें २०२० मध्यें जुन्या धन्याच्या ‘ना हरकत’ पत्राची आवश्यकता काढून टाकली. साऊदी अरेबियांतील सुधारणा मार्च २०२१ मध्यें लागू झाल्या. एक वर्ष पुरें केलेल्या कामगारास ठराविक अटींवर, धन्याला न विचारतां, दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली. परंतु त्या सुधारणांतून कांहीं वर्ग वगळण्यांत आले. घरकाम करणारे, घरचे मोटारचालक, माळी आणि शेतमजूर हे त्यांत होते. आणि त्या यादींत मेंढपाळहि होते. म्हणजे ज्याची कथा लक्षावधि लोकांनीं डोळे पुसत वाचली, नेमका त्याच्याच धंद्याचा मनुष्य त्या वेळीं दाराच्या आंत राहिला. वाचकांची सहानुभूति आणि कायद्याचें कलम यांच्यामधलें अंतर किती असूं शकतें, याचें याहून बोलकें उदाहरण देतां येणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना असें वाटेल कीं, हें सारें वाळू उपसणाऱ्या मजुरांचें दुःख आहे. आपल्या घरचीं शिकलेलीं मुलें अमेरिकेंत सुखानें आहेत. तीं सुखानें आहेत हें खरें, आणि नजीबच्या हालांशीं त्यांच्या स्थितीची तुलना करणें हा नजीबचा अपमान होईल. तथापि तत्त्व तपासून पाहावें. १९९० च्या कायद्यानें निर्माण झालेला ‘एच-१बी’ परवाना हाहि एका विशिष्ट मालकाच्या अर्जावरच मिळतो. ऑक्टोबर २००० मध्यें तेथील कायद्यांत सुधारणा होऊन, नव्या मालकानें अर्ज दाखल करतांच त्याच्याकडे रुजू होण्याची मुभा मिळाली. नोकरी सुटल्यास दुसरी शोधण्यास जास्तींत जास्त ६० दिवसांची सवलत देणारा नियम जानेवारी २०१७ पासून लागू झाला. या सुधारणा मोलाच्या आहेत. दार उघडतें, आणि कफीलाच्या परवानगीवांचून उघडतें. पण नोकरीच्या आधारें द्यावयाच्या कायम वास्तव्याच्या परवान्यांची वार्षिक संख्या सुमारें १,४०,००० असून, कोणत्याहि एका देशाच्या वांट्याला सर्वसाधारणतः ७ टक्क्यांहून अधिक येत नाहींत. त्यामुळें आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षें सरकत नाहीं, आणि त्या रांगेंत उभा असलेला मनुष्य वरिष्ठानें अपमान केला तरी राजीनामा लिहिण्यापूर्वीं दहा वेळां दिनदर्शिका पाहतो. मुलांची शाळा, घराचें कर्ज, बायकोचा परवाना, हें सारें त्याच एका कागदाला टांगलेलें असतें. त्याला कोणी मारीत नाहीं, कोणी उपाशी ठेवीत नाहीं. तरी ‘मी उद्यां येणार नाहीं’ हें वाक्य उच्चारण्याची किंमत त्याला त्याच्या शेजारच्या मेजावरील अमेरिकन माणसाहून कितीतरी अधिक पडते.

परदेशीं गेलेल्या मुलांविषयीं आपल्याकडे घरोघर जें बोललें जातें, त्यांत विरहाचा, संस्कारांचा, म्हाताऱ्या आईबापांच्या एकटेपणाचा विचार भरपूर असतो. पगार किती, घर केवढें, हेंहि आपण आवर्जून विचारतों. ‘ही नोकरी तुला सोडतां येते का?’ असें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. आणि मुलगाहि, नजीब सैनूला मनांत लिहीत होता तसल्याच सुखाच्या पत्रांसारखें, सर्व ठीक आहे म्हणून सांगतो. हा प्रश्न विचारावयास ‘आडुजीवितम्’ शिकविते, हा तिचा आमच्यावरील खरा उपकार होय.

एकंदरींत पाहतां ही कादंबरी दोषरहित नाहीं. तिचा खलनायक सपाट आहे, तिचा शेवट दैवाच्या स्वाधीन केलेला आहे, आणि आपल्याच सर्वोत्तम प्रसंगाचा अर्थ तिनें पुरतेपणीं वसूल केलेला नाहीं. तरीहि तुरुंगांतील त्या रांगेचा प्रसंग एकदां वाचलेला मनुष्य परवाना हा शब्द पूर्वींच्या निष्काळजीपणानें उच्चारूं शकणार नाहीं, अशी आमची खात्री आहे. वाचकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. आणि नजीब विमानांत बसून घरीं गेला म्हणून समाधान मानण्यापूर्वीं, ज्याचीं कागदपत्रें बिनचूक होतीं तो हमीद कोठें गेला असेल, याचा क्षणभर विचार करावा.